एअर पिस्तूल घेताय? आधी ग्रिप हाताला बसवा, बाकीचा खर्च नंतर

२०२३ ला नॅशनल गेम्स गोव्यात झाल्या आणि पुढच्या वर्षी पॅरिसला मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तूलमध्ये ब्राँझ घेतलं, तेव्हापासून ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, की मुलीला शूटिंगला घालायचंय, पिस्तूल कुठलं घेऊ, मोरिनी बरं की स्टेयर, चष्मा लागतो का, शूज लागतात का. मी फोंड्यात राहते, काही वर्षं झाली १० मीटर एअर पिस्तूल मारते, स्टेट लेव्हलच्या मॅच खेळते. सगळ्यांना माझं एकच सांगणं असतं, की पिस्तुलाच्या नावाच्या मागे लागण्याआधी हातात येणारं लाकूड, म्हणजे ग्रिप, बघा. माझ्या स्कोअरमध्ये सगळ्यात मोठा फरक ग्रिपने पाडला आणि तोही नवीन काही न आणता, पॉलिश पेपर आणि एम-सीलवर. ते कसं केलं ते नीट लिहून ठेवते म्हणजे कोणाला तरी उपयोग होईल.

सुरवात सगळ्यांची होते तशी माझी पण क्लबच्या पिस्तुलावर झाली. क्लबचं पिस्तूल म्हणजे मिडीयम साइजची उजव्या हाताची ग्रिप, सकाळी कॉलेजचा मुलगा मारणार, दुपारी शाळेतली मुलगी आणि संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर आमच्यासारखे. माझा हात लहान, बोटं आखूड. मिडीयम ग्रिप धरली की ट्रिगरपर्यंत बोटाचं फक्त टोक पोचायचं, मग ते पोचवायला नकळत अख्खा हात ग्रिपभोवती थोडा फिरवून धरायचा, आणि तसा धरला की अंगठ्याच्या मुळाशी पोकळी राहायची आणि पिस्तूल तळव्यात नीट टेकायचंच नाही. त्यात दर शॉटला पिस्तूल टेबलावर ठेवायचं आणि परत उचलायचं, म्हणजे दर वेळी पकड थोडी वेगळी. टार्गेटवर शॉट आडवे पसरायचे, एक डावीकडे आठ, पुढचा उजवीकडे नऊ, मधेच एखादा सात (मधली रिंग दहाची, बाहेर जाईल तसे गुण कमी). सगळे सांगायचे ट्रिगर जर्क होतोय, म्हणजे झटक्याने ओढला जातोय, ड्राय फायर (छर्रा न घालता नुसता ट्रिगर दाबायचा सराव) वाढव. ड्राय फायर वाढवला, ट्रिगर सुधारला पण, पण आडवा पसारा काही जाईना.

पकडीतल्या एवढ्याशा फरकाचा एवढा परिणाम का होतो त्याचं गणित साधं आहे आणि ते कळलं की ग्रिपचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. एअर पिस्तूलवर नेम धरायला मागे खाचेची साइट आणि पुढे उभ्या पट्टीची साइट असते, त्यांच्यात साधारण ३३ सेंटीमीटर अंतर असतं आणि टार्गेट १० मीटरवर. म्हणजे पुढची साइट मागच्या खाचेच्या मध्यापासून १ मिलिमीटर सरकली तर टार्गेटवर छर्रा साधारण ३० मिलिमीटर सरकतो, आणि ३० मिलिमीटर म्हणजे थेट सात. उलट साइट एकमेकींशी बरोबर जुळलेल्या आहेत आणि अख्खा हातच १ मिलिमीटर हलला, तर छर्रापण तेवढाच १ मिलिमीटर हलतो. दहाची रिंग ११.५ मिलिमीटरची आहे, रेषेला नुसता शिवला तरी दहा धरतात, त्यामुळे हात थोडा हलला तरी दहा मिळतो, पण मनगट वाकलं की मिळत नाही. आणि मनगट सरळ राहायचं की वाकायचं ते बहुतेक वेळा ग्रिप ठरवते.

हे आमच्या सरांनी मला एका संध्याकाळी करून दाखवलं. पिस्तूल रिकामं, सेफ्टी फ्लॅग (पिस्तूल रिकामं आहे हे दाखवायला नळीत घालतात ती रंगीत दोरी) काढायच्या आधी त्यांनी स्वतः बघितलं, मग म्हणाले, "डोळे मीट, हात खाली, आता नेहमीसारखा वर घे, नेम धरल्यासारखा थांब, आणि आता उघड." डोळे उघडले तर पुढची साइट मागच्या खाचेच्या डाव्या भिंतीला चिकटलेली आणि वर उचललेली. परत केलं, परत तेच. सर म्हणाले, "आता दर शॉटला तू ही साइट मनगटाने ओढून मधे आणतेस. तिसाव्या शॉटनंतर मनगट थकतं आणि ओढायचं सोडतं. मनगटाचा काय दोष त्यात?" ही टेस्ट घरी कोणालाही करता येते, रिकाम्या पिस्तुलाने, पांढऱ्या भिंतीसमोर. साइट डावी-उजवी जात असेल तर ग्रिप हातात फिरवून बसवायला हवी, वर-खाली जात असेल तर ग्रिपचा कोन बदलायला हवा, आणि दर वेळी वेगळीकडेच जात असेल तर ग्रिप सैल आहे.

स्वतःचं पिस्तूल घ्यायची वेळ आली तेव्हा म्हणूनच मी मॉडेलपेक्षा ग्रिपच्या साइजला जास्त वेळ दिला. या मॅच पिस्तुलांच्या ग्रिप एक्स्ट्रा स्मॉल, स्मॉल, मिडीयम, लार्ज अशा येतात, डाव्या हाताच्या वेगळ्या. कागदावर हात ठेवून बोटं जुळवून पेन्सिलीने आउटलाइन काढायची, तळव्याची रुंदी आणि मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटाच्या रेषेपर्यंतची लांबी मोजायची आणि कंपनीच्या चार्टशी जुळवायची. दोन साइजच्या मधे येत असाल तर बऱ्याच जणांचं मत मोठी घ्या आणि घासा असं असतं, माझं मत लहान हातांसाठी उलट आहे. लहान घ्या आणि भरा, कारण ग्रिप ट्रिगरच्या मागे जाड असेल तर तिथलं लाकूड एका मर्यादेपलीकडे काढताच येत नाही, आत धातूचा सांगाडा असतो. मी स्मॉल घेतली.

स्मॉल पण काही तयार कपड्यासारखी अंगाला बसली नाही. ट्रिगरपर्यंत बोट मस्त पोचायला लागलं, साइट डोळे मिटून पण जवळजवळ मधे यायला लागली, पण अंगठ्याच्या मुळाशी एक टोचायचं आणि तळव्याच्या मधोमध हवा राहायची. शिवाय ट्रिगरच्या बोटाचं मधलं पेर लाकडाला घासायचं, आणि हे फार वाईट, कारण बोट मागे ओढताना ते लाकडाला पण ढकलतं आणि शॉट बाजूला जातो. ट्रिगरचं बोट ट्रिगर सोडून कुठेच टेकता कामा नये.

मग आमच्या वाड्यावरच्या मेस्ताकडे, म्हणजे सुताराकडे, गेले. त्याने आयुष्यभर दारं-खिडक्या आणि देव्हारे केलेत, पिस्तुलाची ग्रिप पहिल्यांदाच हातात घेतली, आधी उलटीसुलटी करून बघितली, नखाने खाजवून बघितली, वास घेतला आणि म्हणाला, "अक्रोड आहे, चांगला आहे. बाय, काढलेलं लाकूड परत लावता येत नाय, तेव्हा रंधा नको, कानस पण नको, पेपरनेच घास. आणि घासायच्या आधी नेमकं कुठे टेकतंय ते बघ." हा सल्ला मी आता सगळ्यांना देते. कुठे टेकतंय ते बघायला त्याने खडूची पूड दिली. तळव्यावर पूड चोळायची, ग्रिप नेहमीसारखी धरायची, नेम धरतो तेवढा वेळ धरून ठेवायची आणि हात न सरकवता सोडायची. जिथे लाकूड जास्त दाबतं तिथे पांढरा ठसा दाट उठतो, जिथे पोकळी तिथे लाकूड कोरडं. माझ्या ग्रिपवर अंगठ्याच्या मुळाशी नखाएवढा दाट ठिपका आणि खाली तळव्याच्या खळग्यात काहीच नाही, स्पष्ट दिसलं.

ग्रिप पिस्तुलावरून उतरवूनच घासायची, स्क्रू काढून, नाहीतर भुसा आत ट्रिगरच्या भागात जातो. तोंडाला मास्क लावा, अक्रोडाची धूळ घशाला लागते. आधी १२० नंबरचा पेपर बोटाला गुंडाळून, त्या ठिपक्यावरच, चारपाच हात मारायचे, पुसायचं, परत पूड, परत ठसा. असं करत करत ठिपका फिकट होऊन आजूबाजूला पसरला की थांबायचं. शेवटी २२० ने गुळगुळीत, पण जास्त गुळगुळीत नको, हात सरकतो. ट्रिगरच्या बोटाखालचं लाकूड मी जरा जास्त काढलं, कागदाचा तुकडा बोट आणि लाकूड यांच्या मधून सहज सरकला पाहिजे एवढं.

पोकळीसाठी एम-सील. हार्डवेअरच्या दुकानात मिळतं तेच, दोन्ही भाग रंग एकसारखा होईस्तोवर मळायचे, ग्रिपवर जिथे लावायचं तिथलं लाकूड आधी पेपरने खरखरीत करून घ्यायचं म्हणजे धरून राहतं, वर किचनमधली क्लिंग फिल्म टाकायची आणि ग्रिप हातात धरून नेमाच्या पोझिशनला उभं राहायचं. बसून नको, मांडीवर हात ठेवून तर मुळीच नको, कारण खांद्यापासून हात उचलल्यावर तळव्याचा आकार वेगळा होतो आणि तोच आकार आपल्याला हवा असतो. हलकेच दाबायचं, जोर करून पिळलं तर सगळं एम-सील बाजूने बाहेर येतं. मग फिल्मसकट सुकायला ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशीच पेपर लावायचा. मी रात्री करायची आणि सकाळी बघायची. पहिला थर लावल्यावर आठवडाभर तसंच मारून बघितलं, मग परत थोडं काढलं. ही घाईने होणारी गोष्ट नाही. हाताला सवय व्हायला वेळ लागतो, आज टोचतंय म्हणून आजच घासलं असं करू नका, चारपाच सेशनला सारखं टोचलं तरच हात लावा.

आणि पाम शेल्फ, म्हणजे तळव्याखालचा तो वर-खाली सरकणारा तुकडा, त्याबद्दल दोन शब्द जास्त. नवीन लोक तो कच्चकन वर आवळतात, कारण पिस्तूल हातात घट्ट वाटतं आणि बरं वाटतं. दहा शॉटनंतर हात थरथरायला लागतो. शेल्फ हाताच्या कडेला नुसता शिवला पाहिजे, हात मोकळा सोडला तर पिस्तूल पडणार नाही एवढंच.

नियम इथेच सांगते, कारण एम-सील लावताना लोक नको तिथे भिंती उभ्या करतात आणि मॅचच्या दिवशी इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे पिस्तुलाच्या तपासणीला, अडकतात. शेल्फ ग्रिपशी ९० अंशापेक्षा कमी कोनात नको, वरच्या बाजूला वळवलेला नको, अंगठ्याची टेकणपण वर वळवलेली चालत नाही आणि ग्रिपचा कुठलाही भाग मनगटाला आधार देता कामा नये. अख्खं पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या खोक्यात बसलं पाहिजे आणि वजन सगळं धरून १५०० ग्रॅमच्या आत. यातले ५० मिलिमीटर विसरू नका, अंगठ्याच्या बाजूला थर वाढवला की रुंदी तिथेच जाते. मी दर बदलानंतर दोन जाड पुस्तकं ५० मिलिमीटर अंतरावर उभी करून मधून पिस्तूल घालून बघायची. पिस्तुलाच्या हातात घड्याळ, बांगडी, कडं, धागा काही चालत नाही, आमच्याकडच्या बायकांनी हे आधीच लक्षात ठेवावं, ऐनवेळी बांगडी निघत नाही.

धरायचं कसं, तर अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी जेवढी वर जाईल तेवढी वर, पिस्तूल डाव्या हाताने उजव्या हातात बसवायचं, दर वेळी त्याच क्रमाने. जोर मधल्या बोटाचा आणि अनामिकेचा, तोही सरळ मागे, तळव्याच्या दिशेने. अंगठा आणि करंगळी नुसती सोबत. अंगठा दाबला की शॉट बाजूला, करंगळी आवळली की खाली. जोर किती यापेक्षा साठही शॉटला तेवढाच आहे का हे महत्त्वाचं, आणि साठ शॉट म्हणजे इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर सव्वा तास.

ग्रिप बसली त्यानंतरच मी ट्रिगरला हात लावला. एअर पिस्तूलचा ट्रिगर कमीत कमी ५०० ग्रॅमचा लागतो, नळी उभी धरून ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन लटकवून उचलून बघतात, सुटला तर फेल. मी माझा त्याहून किंचित वर ठेवते, कारण काठावर ठेवलेला ट्रिगर मॅचच्या सकाळी फेल झाला तर डोकं फिरतं. ट्रिगर दोन टप्प्यांत दाबला जातो, पहिल्या स्टेजवर जास्त वजन आणि दुसऱ्यावर थोडंच ठेवलं की दोन्हींमधली भिंत कुठे लागते ते बोटाला स्पष्ट कळतं आणि मला तसंच आवडतं. ट्रिगरचं पातं पुढे-मागे सरकवता येतं, ते पहिल्या पेराच्या मधोमध येईल असं लावा.

बाकी गियरवर फार लिहीत नाही. पॅरिसला तुर्कीच्या नेमबाज युसुफ डिकेचचा खिशात हात घातलेला फोटो सगळ्यांनी बघितला आणि लोक म्हणायला लागले काहीच लागत नाही. त्याच्या कानात प्लग होते, हातात उत्तम मॅच पिस्तूल होतं आणि मागे कित्येक वर्षांची तपश्चर्या होती. चष्म्याचं म्हणाल तर ज्यांना नंबर आहे त्यांनी शूटिंग फ्रेम घ्यावी, लेन्स अशी करून घ्यावी की पुढची साइट स्पष्ट आणि टार्गेट थोडं धूसर दिसेल. डोळ्यांच्या डॉक्टरांना पिस्तूल धरल्यावर डोळ्यापासून पुढच्या साइटपर्यंतचं अंतर सांगा, दोरी मोजून घेऊन जा. नंबर नसेल तर दुसऱ्या डोळ्यासमोर ३० मिलिमीटरपर्यंत रुंद ब्लाइंडर, म्हणजे नजर अडवणारी पट्टी, पुरतो, डोळा मिटून नेम धरू नका, दोन्ही उघडे ठेवा. शूज घोट्याच्या खालचे, सपाट तळाचे, बास. छर्ऱ्यांमध्ये मात्र कंजुषी नको, प्रॅक्टिसला स्वस्तातले मारले तरी मॅचचे छर्रे आपल्याच पिस्तुलावर ग्रुप काढून, म्हणजे एकाच नेमाचे शॉट किती जवळजवळ पडतात ते बघून, निवडा.

हवेचा प्रश्न गोव्यात वेगळा आहे. मॅच पिस्तूल छर्रा सोडतं ते सिलिंडरमधल्या दाबलेल्या हवेने, ही सिलिंडर २०० बार दाबाची असतात आणि ती भरायला सगळ्यात बरी सोय म्हणजे डायव्हिंगची टाकी, जी इथे बाकी ठिकाणांपेक्षा सहज मिळते. डायव्हिंगवाल्यांची हवा फिल्टर होऊन कोरडी येते ते चांगलं. पण त्यांची टाकी पण २०० बारचीच असते, त्यामुळे दर भरणीला दाब उतरत जातो, १६०-१७० वर भरलं गेलं तरी प्रॅक्टिसला भरपूर झालं. अॅडॅप्टर त्यांच्या व्हॉल्व्हला बसतो का ते आधी विचारा. हळूहळू भरा, भसकन भरलं की सिलिंडर तापतं आणि गार झाल्यावर दाब कमी दिसतो. ओ-रिंगला, म्हणजे सिलिंडरच्या रबरी रिंगला, तेल कधीच नाही, सिलिकॉन ग्रीस, आणि ऑक्सिजनच्या बाटलीवरून चुकूनही भरायचं नाही, स्फोट होऊ शकतो. सिलिंडरवर तारीख असते ती बघा, मुदत संपलेलं वापरू नये. पावसात डायव्हिंग बंद असतं तेव्हा मे महिन्यातच क्लबची टाकी भरून ठेवावी लागते. हातपंप असेल तर ओलावा शोषणारा फिल्टर लावल्याशिवाय वापरू नका, आपल्याकडच्या जुलैच्या हवेत पंपातून अक्षरशः पाणी आत जातं.

जुलै-ऑगस्टमध्ये लाकूड पण फुगतं. मार्चमध्ये छान बसणारी ग्रिप श्रावणात घट्ट वाटते, तेव्हा पेपर हातात घेऊ नका, शेल्फ जरा खाली करा आणि दिवाळीपर्यंत थांबा. घासलेल्या जागी मी जवसाचं तेल अगदी पातळ लावते, पुसून टाकते, पूर्ण सुकू देते, म्हणजे घाम आत मुरत नाही. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या, आणि रेंजवरून आल्यावर केस तशीच बंद ठेवायची नाही, पिस्तूल बाहेर काढून साइट आणि स्क्रू पुसायचे, नाहीतर आपल्या खाऱ्या हवेत स्क्रूच्या खाचेत पहिला गंज येतो आणि मग ग्रिप काढतानाच स्क्रू गोल होतो.

४.५ मिलिमीटरच्या एअर पिस्तूलला लायसन्स लागत नाही, .२२ बोअरला लागतं, पण लायसन्स नाही म्हणून पिशवीत टाकून बसमधून नेऊ नये, बंद केस, सिलिंडर वेगळं, नळीत फ्लॅग, सोबत बिल आणि क्लबचं पत्र. घरात लहान मूल असेल तर कुलूप. मुलीसाठी घेणार असाल तर अजून एक, तिचा हात वाढतोय, आत्ता एक्स्ट्रा स्मॉल घ्या आणि पिस्तूल असं घ्या ज्याची पुढच्या साइजची ग्रिप सुटी मिळते, कारण दोनेक वर्षांनी फक्त लाकूड बदलावं लागेल, आणि जुनी ग्रिप क्लबात ठेवली तर पुढच्या लहान हाताला चालते. आमच्याकडे अशी एक आता तिसऱ्या मुलीच्या हातात आहे, आणि मधल्या मुलीने भरलेलं एम-सील तिने परत घासायला घेतलंय.